सव्वा महिन्याची यादी: पहिल्या बाळासाठी आधी काय घ्यावं, किती खर्च येतो

माझ्या भाचीचं बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा आम्ही दोघी तिचं कपाट आवरायला बसलो. किमतीचं लेबलही न काढलेले नऊ फ्रॉक निघाले, सगळे लहान झालेले. बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र खोक्यातच होतं. मोहरीची उशी, वॉकर, बुटांचे चार जोड हे वेगळंच. आणि भाचीकडे? दूध पाजताना पुढून उघडता येतील असे दोनच गाउन होते, एक अंगावर आणि एक दोरीवर. बाळाच्या नावाने घरात तीसेक हजारांचं सामान आलं होतं, बाळंतिणीच्या नावाने हजाराचंही नव्हतं.

तेव्हापासून कुणी "आधी काय काय घेऊन ठेवू?" असं विचारलं की मी एवढंच सांगते: सव्वा महिन्यापुरतं घ्या, आणि यादीत पहिलं नाव आईचं लिहा.

सव्वा महिनाच का?

आपल्याकडे पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतः साधारण अडीच ते साडेतीन किलोचं असतं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं आणि मग भराभर वाढतं. सव्वा महिन्यात पहिली झबली काखेत घट्ट होऊ लागतात. मधे बारसं होतं, आहेर येतो. शिवाय तोवर अंगावरचं दूध नीट येतंय का, बाळ कुठे शांत झोपतं, कपडे किती वेळात वाळतात, हे सगळं तुम्हाला कळलेलं असतं. पुढची खरेदी तेव्हा डोळसपणे करता येते.

"बाळ यायच्या आधी काही आणू नये"

अनेक घरांत हे मानतात. त्यावरून नवव्या महिन्यात वाद घालू नका, वाट निघते. जुनं कापड वापरायला कुणाची हरकत नसते, आणि बाळाच्या कातडीला तेच मऊ लागतं. आजीची साडेपाच मीटरची सुती साडी घ्या. काठ आणि जर कापून टाका, मीटरभर लांबीचे तुकडे करा, एका साडीची पाच दुपटी होतात. उकळत्या पाण्यातून काढा, कडक उन्हात वाळवा, इस्त्री करून स्वच्छ पिशवीत ठेवा. बाकीची यादी कागदावर, पैसे पाकिटात आणि दुकान ठरलेलं, एवढं असलं की बाळ झाल्याचा फोन येताच आत्या किंवा मावशी तासाभरात सगळं आणू शकते. असं काही मानत नसाल, तर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पिशवी भरून ठेवा.

खालचे आकडे पुण्याच्या तुळशीबागेसारख्या किंवा दादरसारख्या बाजारातल्या साध्या, चांगल्या मालाचे अंदाज आहेत. मॉलमध्ये हेच दुपटीत जाईल, तालुक्याच्या गावी थोडं कमी लागेल.

आधी आईची यादी

- पुढून उघडणारे सुती गाउन, ३: १,३५० रुपये
- दूध पाजायच्या ब्रा, ३ (नवव्या महिन्यात माप घेऊन): १,०५० रुपये
- मोठे सॅनिटरी पॅड, ३ पाकिटं: ६०० रुपये

एकूण ३,००० रुपये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव काही आठवडे चालतो आणि नेहमीचे पॅड पहिल्या दिवसांत पुरत नाहीत, हे पहिलटकरणीला कुणी सांगत नाही. मग रात्री अकराला नवरा औषधाचं दुकान शोधत फिरतो.

आता बाळाची

- बंदाची सुती झबली, ८: ८०० रुपये
- सुती लंगोट, २४: ७२० रुपये
- नवी मलमलची दुपटी, २ (बाकीची साडीची): ४०० रुपये
- टोपडी, ३: १५० रुपये
- मेणकापड किंवा पाणी न झिरपणारी चादर, २: ४०० रुपये
- मऊ पंचे, २: ४०० रुपये
- कुंची किंवा हलकं ब्लँकेट, १: ४०० रुपये
- छत्रीची मच्छरदाणी: ४०० रुपये
- डिजिटल थर्मामीटर: २०० रुपये
- बाळाचं नेलकटर: १०० रुपये
- नवजात मापाच्या डायपरचं लहान पाकीट, २४ नग: ३०० रुपये

एकूण ४,२७० रुपये. आईचे ३,००० धरून ७,२७० रुपयांत सव्वा महिना निभावतो. अंथरायला घरची धुतलेली पातळ गोधडी चालते.

झबलं घेताना ते उलटं करून बघा. शिवण टोचते का, गळ्याशी लेबल खरखरतं का, हे स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून कळतं. पुढून उघडं, बंदाचं झबलं घ्या. डोक्यावरून घालायचा कपडा मान न धरणाऱ्या बाळाला घालताना नवी आई घाबरते. टिकल्या, मणी, बटणं नकोत. नवं काहीही एकदा धुतल्याशिवाय अंगाला लावू नका.

लंगोट की डायपर?

हिशेब मांडून बघा. दिवसाला आठ डायपर, नगाला साधारण ११ रुपये, म्हणजे ८८ रुपये रोज. चाळीस दिवसांचे ३,५२० रुपये होतात. लंगोटांचा खर्च एकदाच ७२० रुपये, पण धुणाऱ्या हातांचे श्रम त्यात धरलेले नाहीत. ते हात बाळंतिणीचे असणार असतील तर तो लंगोट स्वस्त नाही. मला पटलेला मार्ग मधला आहे: दिवसा लंगोट, रात्री दोन डायपर. चाळीस रात्रींचे ८८० रुपये लागतात आणि आईची थोडी झोप वाचते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. तिथे २४ ऐवजी ३६ लंगोट धरा.

नवजात मापाचं मोठं पाकीट सवलतीत मिळालं तरी घेऊ नका. ते माप साधारण पाच किलोपर्यंत चालतं, उरलेलं पाकीट वाया जातं.

थांबा, आत्ता नको

दुधाच्या बाटल्या आणि निर्जंतुक करायचं यंत्र आधीपासून आणू नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि त्यात बाळगुटी किंवा ग्राइप वॉटरही बसत नाही. कधी काढून ठेवलेलं दूध पाजावं लागलं तर उकळून घेतलेलं बोंडलं किंवा वाटी-चमचा पुरतो. बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूध पावडरींची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला १९९२च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे. कुणी नमुना हातात ठेवला तर नाकारा. दूध कमी पडतंय असं वाटलं तर आधी डॉक्टरांना विचारा. दूध काढायचा पंपही गरज पडली तरच घ्यावा.

मोहरीची उशी नको. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशीशिवाय निजवायचं असतं. काजळ डोळ्यात घालायचं नाही, पावडरही लागत नाही, ती श्वासातून आत जाते. वॉकरने बाळ लवकर चालत नाही, जिन्यावरून पडण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडाने तर २००४पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

पाळणा नात्यात किंवा शेजारी हमखास पडून असतो, तो मागा. दोर, कड्या आणि छताचा हूक वजन टांगून तपासा. कठड्याच्या पट्ट्यांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो पाळणा नको. बाबागाडी मान सावरल्यानंतर, आपल्या गल्लीत ती चालवता येते का हे बघून घ्या.

गाडी असेल तर एक मोठी खरेदी

घरी चारचाकी असेल तर नवजात बाळासाठी मागे तोंड करून बसवायची कार सीट घ्या. ६,००० रुपयांपासून पुढे मिळते. मांडीवरचं बाळ जोराच्या ब्रेकला हातात राहत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी आसनव्यवस्था नसेल तर १,००० रुपये दंड आहे. जुनी सीट घेणार असाल तर ओळखीच्या घरचीच घ्या, अपघातातून गेलेली अजिबात नको.

दुकानात गेल्यावर

- पाकिटांवर एका नगाची किंमत छापलेली असते. "एकावर एक मोफत"पेक्षा ती वाचा.
- २२ सप्टेंबर २०२५पासून बाळांचे डायपर आणि दुधाच्या बाटल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिल मागा आणि दर तपासा.
- खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१पासून ते सक्तीचं आहे.
- 'गिफ्ट सेट'मधल्या दहा वस्तूंपैकी कामाच्या किती, ते मोजा. सुट्या वस्तू बहुधा स्वस्त पडतात.
- फसवणूक वाटली तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

हक्काचं मागायला लाजू नका

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसह, मोफत आहे. जन्मानंतरचे बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बीचे डोसही तिथे मोफत मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. आपण पात्र आहोत का, हे आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला गरोदरपणातच विचारा. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. तिला उशीर करू नका, पुढचे सगळे कागद तिच्यावरच उभे राहतात.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं?

भाचीच्या कपाटात पडून असलेल्या सामानाच्या निम्म्या पैशांत दोन-तीन महिने स्वयंपाकाला बाई ठेवता आली असती, किंवा कपडे धुवायला कुणीतरी. रात्रभर जागलेल्या बाईला सकाळी गरम जेवण आणि दोन तासांची सलग झोप मिळाली, तर तिचं दूध, तिचे टाके आणि तिचं मन, तिन्ही सावरायला मदत होते. माझ्या मते पहिल्या बाळासाठीची सगळ्यात चांगली खरेदी हीच.

आणि बाळ बघायला जाणाऱ्यांना एक विनंती. फ्रॉक न्यायचाच असेल तर वर्षाच्या मापाचा न्या. नाहीतर बाळाच्या आईसाठी जेवणाचा डबा घेऊन जा, आणि निघताना दोरीवरचे वाळलेले लंगोट घड्या घालून ठेवा.