उंच उडी: खर्च किती, कुठे आणि कशावर करू नये

मुलगी शाळेच्या स्पर्धेत उंच उडीत पहिली आली, पीटीचे सर म्हणाले ‘हिला पुढे खेळवा’, आणि तुम्ही संध्याकाळी थेट बुटांच्या दुकानात. थांबा. पहिल्या वर्षी बुटांची घाई नाही. आधी मॅट शोधा.

उंच उडीत खेळाडू पाठीवर पडतो, चुकलं तर मानेवर. मोठ्या स्पर्धांची मॅट किमान 6 मीटर बाय 4 मीटर आणि 70 सेंटिमीटर जाड असते. किंमत लाखांत, म्हणजे ती विकत घेणं तुमच्या हातातलं नाही. ती असलेलं मैदान गाठायचं. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडा संकुल, सणस मैदान. इतरत्र विभागीय किंवा जिल्हा क्रीडा संकुल. पण ट्रॅक आहे म्हणजे मॅट आहे असं नाही, आणि मॅट आहे म्हणजे ती बाहेर काढतात असंही नाही. किल्ली कोणाकडे, आठवड्यात किती दिवस काढतात, मैदानाच्या पासात धरलीय की वेगळे पैसे, हे प्रवेश घेण्याआधी विचारा.

जाऊन बघाच. दोन तुकडे जोडलेली मॅट असेल तर मधल्या फटीत हात घाला. कोपरापर्यंत आत गेला तर मुलीचा खांदाही जाईल. कोपऱ्यावर जोर देऊन दाबा. तळ लागला तर फोम मेलेला आहे. पावसाळ्यात खालून ओली आहे का पाहा. आडवा बार फायबरचा हवा. लोखंडी पाइप दिसला तर तिथूनच परत फिरा. सुरुवातीच्या सरावाला बारऐवजी इलॅस्टिक बांधलं तरी चालतं, भीतीही कमी होते आणि खर्च नगण्य. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या उंच उडीपटू सर्वेश कुशारेने मक्याच्या भुशाच्या गाद्यांवर सुरुवात केली हे खरं, पण तिथे शिक्षक उभे होते. घराच्या अंगणात हा प्रयोग नको.

प्रशिक्षणाची फी शहरात साधारण महिना हजार ते तीन हजार, लहान गावात त्याहून कमी. धावण्याचे सर आणि उडीचे सर वेगळे असतात. ‘अ‍ॅथलेटिक्स क्लास’ची पाटी पाहून वर्षाची फी एकरकमी भरू नका, महिनाभर बघा, उंच उडी प्रत्यक्ष किती दिवस घेतात ते मोजा.

आता बूट. साधे स्पाइक्स हजार-दोन हजारांत मिळतात, पहिली दोन वर्षं तेच पुरे. उंच उडीच्या खास बुटाला टाचेतही खिळे असतात. परदेशी ब्रँडचा जोड आठ-दहा हजारांच्या पुढे. वाढत्या वयात पाय वर्षभरात बाहेर येतो, तेव्हा सीनियरकडून वापरलेला घ्या, लाजू नका. सोल 20 मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि सिंथेटिक ट्रॅकवर खिळा 12 मिलिमीटरपेक्षा लांब नको, हा नियम आहे. काही मैदानांवर त्याहून आखूड खिळे लागतात, म्हणून एक जादा संच आणि खिळे काढायची चावी बॅगेत ठेवा. शिवाय रनअप मोजायला टेप आणि खुणेसाठी चिकटपट्टी. स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्याची टेप मिळत नाही.

कागदपत्रं: जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, फोटो. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. नोंदणी शाळेमार्फतच होते, म्हणून जुलैतच सरांच्या मागे लागा. फेडरेशनच्या स्पर्धांसाठी भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचा नोंदणी क्रमांक वेगळा काढावा लागतो. वय कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासलं जातं, आणि एकदा अडकलं की बंदी.

खरा खिसा कापतो तो प्रवास. मूल लहान, म्हणजे एक पालक सोबत; दोघांचं भाडं, लॉज, खर्ची पडलेली रजा. रेल्वेने खेळाडूंची सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली, तेव्हा पूर्ण भाडं धरूनच बजेट करा. याच टप्प्यावर फोन येतो: ‘नेपाळला इंटरनॅशनल स्पर्धा आहे, पंचवीस हजार भरा, मेडल नक्की.’ भरू नका. मान्यता नसलेल्या संघटनेचं प्रमाणपत्र ना दहावीच्या सवलतीच्या गुणांना चालतं, ना नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाला. त्या आरक्षणासाठी प्रमाणपत्र आधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं.

प्रोटीनचा डबा? दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी आधी. डब्यात काय मिसळलंय ते तुम्हाला कळत नाही, आणि नाडाची (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची) चाचणी अल्पवयीनांचीही होते. सर्दीचं औषधसुद्धा डॉक्टरांना ‘मूल स्पर्धा खेळतं’ असं सांगूनच घ्या.

पैसे वाचवायचा सरळ रस्ता निवड चाचण्यांतून जातो. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणं, जेवण, प्रशिक्षण शासनाच्या खर्चाने. खेलो इंडियात निवड झाली तर महिना 10,000 रुपये भत्ता. दोन्हींकडे जागा मोजक्या, म्हणून चाचणीच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर विसंबू नका.

किती वर्षं? कुशारे 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेत 2.28 मीटर उडी मारून सहावा आला, तेव्हा वय तीस. तेजस्विन शंकरचा 2018 मधला राष्ट्रीय विक्रम 2.29. म्हणजे दोन वर्षांत पदक आणि नोकरी असं गणित कोणी मांडलं तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय. घराची बचत मोडण्याआधी राज्य पातळीपर्यंतचा निकाल येऊ द्या.

आणि प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच वाचा. नाव आधारप्रमाणे, जन्मतारीख बरोबर, गट, क्रमांक, सही, शिक्का. चूक असेल तर मैदान सोडायच्या आत दुरुस्त करून घ्या. नंतर त्या एका वेलांटीसाठी कार्यालयाच्या खेपा तुम्हालाच घालाव्या लागतात.