बास माशासाठी स्पिनिंग रीळ : योग्य आकाराची निवड

अमेरिकेतील तळ्यांवर आणि धरणांच्या जलाशयांवर सुटीच्या दिवशी पहाटेपासून गळ टाकणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. त्यांतील फार मोठ्या वर्गाचे लक्ष्य एकच असते, ते म्हणजे बास हा गोड्या पाण्यातील मासा. टेक्सासमधील लेक फोर्क, फ्लोरिडातील लेक ओकीचोबी, अलाबामातील लेक गंटर्सविल ही तर या छंदाची तीर्थक्षेत्रेच होत. 1967 मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सा राज्यातील बीव्हर लेकवर बास मासेमारीची स्पर्धा भरवली आणि पुढे या छंदाला संघटित क्रीडाप्रकाराचे स्वरूप प्राप्त झाले.

या छंदात नव्याने पाऊल टाकणारा माणूस दुकानात जातो, तेव्हा त्याच्यासमोर 1000, 2000, 2500, 3000, 4000 असे आकडे मिरवणारी रिळे मांडलेली असतात. मोठा मासा हवा तर मोठ्या आकड्याचे रीळ घ्यावे, असा त्याचा स्वाभाविक समज होतो. हा समज चुकीचा आहे. त्याची किंमत कधी दुखऱ्या मनगटाने, कधी हातचा मासा गमावून, तर कधी माशाच्या प्राणाने मोजावी लागते. म्हणूनच रिळाच्या आकाराची निवड समजून घेणे अगत्याचे ठरते.

रिळाची रचना

स्पिनिंग रिळाचा जन्म इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचा. लोकरीच्या व्यवसायातील अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतील बॉबीनवरून सूत जसे टोकाकडून अलगद सुटते, तसाच येथे दोर सुटतो. स्पूल, म्हणजे ज्यावर दोर गुंडाळलेला असतो तो भाग, आमिष फेकताना स्थिर राहतो आणि त्याच्या काठावरून दोराचे वेढे सुटत जातात. हँडल फिरवले की तारेची कमान स्पूलभोवती फिरून दोर पुन्हा गुंडाळते. जड स्पूल फिरवण्याची गरज नसल्यामुळे अवघ्या तीन ते दहा ग्रॅमचे हलके आमिषही दूर फेकता येते. बाससाठी वापरले जाणारे मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ किंवा छोटा कृत्रिम मासा याच वजनाच्या आसपासचा असतो. दाट पाणवनस्पतींतून जड आमिषाने मासा ओढून काढायचा असेल, तर मात्र फिरत्या स्पूलचे कास्टिंग रीळ अधिक सोयीचे ठरते.

आकड्याचा अर्थ

रिळावरील आकडा ताकद सांगत नाही. तो रिळाचा देह आणि स्पूल यांचे आकारमान सूचित करतो. काही कंपन्या शेवटची दोन शून्ये गाळून 25, 30, 40 असे आकडे देतात. हे आकडे सर्व कंपन्यांना बंधनकारक अशा एखाद्या प्रमाणानुसार दिलेले नसतात, त्यामुळे एका कंपनीचे 2500 दुसऱ्या कंपनीच्या 2500 शी तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून आकड्याबरोबरच रिळाचे वजन आणि स्पूलवर छापलेली दोराची क्षमता हे दोन तपशील अवश्य वाचावेत.

मासा केवढा?

बासचे दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, स्मॉलमाउथचा तेथवर पोहोचत नाही. दोन्ही प्रकारांत नेहमी गळाला लागणारे मासे साधारणतः अर्धा ते दीड किलोचे असतात. दोन किलोंच्या पुढचा मासा मिळाला की दिवस सार्थकी लागला असे मानतात. याउलट विक्रम पाहावेत तर जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात पकडलेला लार्जमाउथ 10 किलोंहून थोडा अधिक भरला होता. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पकडलेला मासा त्याहून किंचित जड होता. परंतु नियमानुसार आवश्यक असलेला दोन औंसांचा फरक नसल्याने तो विक्रमाची बरोबरी करणारा ठरला. मधल्या 77 वर्षांच्या अंतरावरूनच असा मासा किती दुर्मीळ आहे हे ध्यानी यावे. निवड करायची ती नेहमीच्या माशासाठी. अपवादात्मक माशाची तरतूद रिळात वेगळी केलेली असते, तिचा विचार पुढे येईल.

दोराचे गणित

निवडीचा क्रम मासा, आमिष, दोर आणि मग रीळ असा असावा. हलक्या आमिषासाठी 6 ते 10 पौंड ताण सहन करणारा तंगूस पुरेसा होतो. 2500 आकाराच्या रिळाच्या स्पूलवर 8 पौंडांचा, सुमारे 0.25 मिलिमीटर जाडीचा तंगूस साधारणतः 130 मीटर मावतो. दोराची जाडी वाढली की क्षमता जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 0.30 मिलिमीटरचा तंगूस त्याच स्पूलवर 90 मीटरच मावेल, तर 0.15 मिलिमीटरचा विणलेला दोर तब्बल 360 मीटर मावेल. आमिष फेकले जाते फार तर 30-35 मीटर. बास वेगाने उसळतो, पण समुद्री माशासारखा शेकडो मीटर धावत नाही. म्हणजे 90 मीटरही पुष्कळ होतात, मोठ्या क्षमतेसाठी 4000 घेण्याचे प्रयोजन उरत नाही. विणलेला दोर वापरताना तळाशी थोडा तंगूस गुंडाळावा. त्यामुळे महाग दोराची बचत होते आणि दोर गुळगुळीत स्पूलवर घसरतही नाही. स्पूल काठापासून सुमारे तीन मिलिमीटर रिकामे ठेवून भरावे. अधिक भरल्यास वेढे एकदम सुटून गुंता होतो, कमी भरल्यास दोर काठावर घासून फेक आखूड पडते.

मग 1000 का नको? लहान स्पूलवर तंगुसाचे वेढे लहान पडतात, आणि तंगूस तो आकार सोडत नाही. पाण्यावर पडलेला दोर स्प्रिंगसारखा वळलेला राहतो आणि माशाने आमिषाला दिलेला हलका झटका हातापर्यंत पोहोचत नाही. दुसरे कारण वेगाचे. स्पूलचा व्यास 46 मिलिमीटर आणि गिअरचे प्रमाण 5.2 असेल, तर हँडलच्या एका फेरीत सुमारे 75 सेंटिमीटर दोर आत येतो. 40 मिलिमीटर व्यासावर हेच अंतर 65 सेंटिमीटर भरते. मासा होडीच्या दिशेने धावून आल्यास सैल पडलेला दोर तत्परतेने गुंडाळावा लागतो, तेव्हा हा फरक जाणवतो.

ड्रॅग : अपवादाची तरतूद

मासा ठरावीक जोरापलीकडे ओढू लागला की स्पूल घसरून दोर सोडू लागते. या व्यवस्थेला ड्रॅग म्हणतात. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या माशाची तरतूद ती हीच. खोक्यावर ड्रॅगची कमाल क्षमता आठ-नऊ किलो अशी छापलेली असते आणि ग्राहक तिला भुलतो. पण 8 पौंडांचा तंगूस 3.6 किलोंवरच तुटत असेल, तर त्यापुढच्या क्षमतेचा उपयोग काय? ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश, म्हणजे येथे 0.9 ते 1.2 किलोवर लावावा. दोराचे टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढले की मोजमाप होते. ड्रॅग किती जोराने आवळता येतो यापेक्षा तो धक्का न बसता किती एकसारखा सुटतो, हे पाहणे महत्त्वाचे.

येथेच माशाच्या जिवाचाही प्रश्न येतो. 1972 पासून रे स्कॉट यांच्या संघटनेने पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याचा प्रघात रुजवला. ड्रॅग फार घट्ट असेल तर दोर तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. दोर अतिशय नाजूक आणि ड्रॅग फार सैल असेल तर झुंज लांबते. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात असा दमलेला मासा सोडल्यावरही दगावू शकतो.

काठी आणि हात

2500 आकाराचे रीळ साधारणतः 200 ते 260 ग्रॅमचे असते, 4000 चे 300 ग्रॅमच्या आसपास. हा फरक क्षुल्लक वाटला, तरी दिवसभरात शेकडो वेळा आमिष फेकणाऱ्या मनगटाला तो संध्याकाळी कळतो. साडेसहा ते सात फुटांची मध्यम ताकदीची काठी घ्यावी, तीवर रीळ बसवावे आणि रिळाच्या किंचित पुढे एका बोटावर ती तोलून पाहावी. आडवी स्थिर राहिली तर जोडी जमली.

थोडक्यात, बहुतेकांसाठी 2500 हा आकार योग्य होय. उघड्या पाण्यात स्मॉलमाउथसाठी अतिशय हलकी आमिषे वापरणाऱ्याने 2000 घ्यावे. मोठी आमिषे आणि 10 ते 12 पौंडांचा तंगूस वापरणाऱ्याने 3000 कडे वळावे. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना नातवंडांबरोबर तळ्यावर जाण्याचा योग आला, तर त्यांनी त्या त्या राज्याचा मासेमारीचा परवाना मात्र आधी काढावा. अनेक राज्यांत लहान मुलांना यातून सूट असते, प्रौढ पाहुण्यांना ती नसते.

संसाराच्या अंदाजपत्रकात नित्याच्या खर्चाची रक्कम हाताशी ठेवतात आणि अकल्पित खर्चासाठी तरतूद निराळी करतात. रिळाच्या बाबतीतही हाच हिशेब लागू पडतो. आकार नेहमीच्या माशासाठी निवडावा आणि ड्रॅग न चुकता तपासावा. मग एखाद्या पहाटे अपेक्षेपेक्षा मोठा मासा गळाला लागला, तरी दोर तुटत नाही आणि तो मासा सुखरूप पाण्यात परतू शकतो.