जबड्यात भरलेलं हाड हलू देऊ नका

अकोल्याच्या एका वस्तीत आम्ही आरोग्यभेटीला गेलो होतो. एका मावशींनी रुमालाची घडी उलगडली. आत रव्यासारखे पांढरे दाणे होते. "दाताच्या जागी हाड भरलं होतं, ते बाहेर येऊन राह्यलं. कर्ज काढून केलं, पैसा पाण्यात गेला का वं?"

दात काढला की तिथलं जबड्याचं हाड हळूहळू झिजतं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रेनमार्क यांनी तो १९६५ साली पहिल्यांदा रुग्णाच्या जबड्यात बसवला. स्क्रू धरायला हाड कमी पडलं, तर डॉक्टर हाडाचे दाणे भरतात. त्यालाच बोन ग्राफ्ट म्हणतात. दाणे रुग्णाच्या स्वतःच्या, दुसऱ्या माणसाच्या किंवा जनावराच्या हाडाचे असतात, नाहीतर कृत्रिम असतात. कोणते वापरणार, हे आधी विचारणं आपला हक्क आहे.

मोडलेल्या हाताला प्लास्टर का घालतात? हाड हललं तर जुळत नाही म्हणून. इथंही तेच. दाण्यांमध्ये रक्ताची गाठ बसते, त्यात नव्या रक्तवाहिन्या येतात, मग हाड तयार होतं. दाणे हलत राहिले तर हाडाऐवजी नुसतं मऊ मांस भरतं. म्हणून डॉक्टर वरून पातळ पडदा घालतात, गरज पडल्यास तो बारीक खिळ्यांनी किंवा टाक्यांनी पक्का करतात आणि हिरडी ताण न देता शिवतात.

एवढं काम डॉक्टरांचं. पुढचे चार ते सहा महिने, कधी जास्तही, काम आपलं.

- पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नका, थुंकू नका. स्ट्रॉने पिऊ नका.
- त्या बाजूने चावू नका. सुरुवातीला मऊ भात, वरण, खिचडी खा.
- जीभ, बोट, काडी लावू नका. ओठ ओढून जखम पाहू नका.
- जुनी कवळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.
- साखरेचा आजार असेल तर आधी साखर आटोक्यात आणा.
- खर्रा, तंबाखू, विडी पूर्ण बंद. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी खर्रा घरोघरी आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, दाण्यांना रक्त मिळत नाही. गालात दाबलेला खर्रा जखमेवरच घासतो.

पहिल्या दिवसांत दोन-चार दाणे बाहेर आले तर घाबरू नका. पण दाणे येतच राहिले, टाका सुटला, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खर्च आधी लेखी मागा. अमरावतीच्या विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीच्या दंत महाविद्यालयात आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही चौकशी करा. कर्ज काढण्याआधी कवळी किंवा ब्रिजने भागेल का, हेही विचारा.

मावशींना आम्ही लगेच डॉक्टरांकडे नेलं. एक टाका सुटला होता, तो पुन्हा घातला. येणाऱ्या-जाणाऱ्या शेजारणीला त्या ओठ ओढून टाके दाखवत होत्या!