राउटर सुरू होत नाही तेव्हा



आमच्या सुतारकाम वर्गात सर्वांत जास्त वापरले जाणारे यंत्र म्हणजे राउटर. लाकडाला खोबणी पाडणे, फळीच्या कडेला गोला मारणे, दरवाजावर नक्षी काढणे ही कामे पटाशीने करायला बराच वेळ जातो. राउटरचे पाते मिनिटाला साधारण 10,000 ते 30,000 फेरे घेते, त्यामुळे तेच काम थोड्या वेळात आणि एकसारखे होते. हे यंत्र एका सकाळी अचानक सुरूच होईना. त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते या पाठात मांडतो. घरातला मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर यांतही बहुधा याच जातीची मोटर असते, म्हणून हा पाठ तुमच्याही उपयोगी पडेल.

त्या सोमवारी काय झाले

आमची शेड आष्टी तालुक्यात आहे. वर्गातली निम्मी मुले पारधी वस्तीवरची. दिवस दसऱ्याच्या आधीचे होते. बीड जिल्ह्यात हे दिवस म्हणजे मुकादमांच्या फेऱ्यांचे दिवस. नवरा-बायकोचा एक कोयता धरून उचल दिली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. वर्गातल्या एका विद्यार्थ्यालाही, वय एकोणीस, नुकतेच लग्न झालेले, मुकादम उचल द्यायला तयार होता. त्याने नाही म्हटले होते. कारण वर्गाला गावातल्या एका नव्या घराच्या आठ दरवाजांचे काम मिळाले होते आणि त्यातले राउटरचे सगळे काम त्याच्याकडे होते.

सोमवारी मी शेडवर पोहोचलो तेव्हा तो राउटर हातात धरून उभा होता.

"सर, हे चालूच होईना."

मी विचारले, "शनिवारी शेवटी कुणाच्या हातात होतं?"

"माझ्याच."

"पाडलंस का? खरं सांग."

तो म्हणाला, "म्या कायबी केलं न्हाई, सर." बाकीची मुले त्याच्याकडे पाहू लागली. मी त्याला यंत्र खाली ठेवून बाहेर बसायला सांगितले. तो बाहेर बसला नाही. चपला घालून सरळ वस्तीवर निघून गेला.

मी तोवर प्लगलाही हात लावला नव्हता.

पारधी समाजाला इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले होते. जन्माला आलेले मूल त्या शिक्क्यासह जन्माला येई. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. मंडळ्यांमध्ये आपल्या कामाची माहिती देताना मी हा इतिहास नेहमी सांगतो. त्या सकाळी मी स्वतः काय केले, हे माझ्या लक्षात यायला दुपार झाली.

वीज कोणत्या वाटेने जाते

दुपारी मी गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने यंत्र उघडायला साफ नकार दिला. "आधी भिंतीपासून सुरू करू. मशीन सगळ्यात शेवटी उघडायचं," तो म्हणाला. मग त्याने खडूने फळीवर एक रेघ ओढून मुलांना समजावले.

वीज सॉकेटमधून प्लगमध्ये येते, तिथून केबलमध्ये, केबलमधून स्विचमध्ये. पुढे ती मोटरच्या स्थिर वेटोळ्यातून, म्हणजे फील्ड कॉइलमधून, एका कार्बनपर्यंत जाते. कार्बन म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेला काळा तुकडा. तो फिरणाऱ्या आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे कम्युटेटरवर, टेकलेला असतो. वीज आर्मेचरमधून जाऊन दुसऱ्या बाजूच्या कार्बनने परत येते. ही सगळी वाट एकच आहे. ती कुठेही एका जागी तुटली की सगळे यंत्र गप्प होते. म्हणून यंत्र गप्प आहे एवढ्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही. एका टोकापासून सुरुवात करून एकेक जागा तपासावी लागते.

तपासण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी: प्लग काढा. यंत्राचे स्विच बंद करा आणि पाते काढून ठेवा. स्विच चालू राहिले आणि मध्येच वीज आली, तर राउटर टेबलावरून उडी मारतो. पुढच्या पायऱ्यांत यंत्राला हात लावण्याआधी दर वेळी प्लग बाहेर आहे ना, हे डोळ्यांनी पाहा.

दुसरी पायरी: ज्याने यंत्र शेवटी वापरले त्याला विचारा. दम न देता विचारा. काम करताना बंद पडले की नंतर सुरूच झाले नाही? आवाज आला का? जळका वास आला का? ठिणग्या दिसल्या का? मध्येच थांबून पुन्हा चालत होते का? या उत्तरांतून अर्धा शोध लागतो. यंत्र अगदी गप्प असेल तर वाट कुठेतरी तुटलेली आहे. नुसते गुणगुणते पण फिरत नसेल तर बेअरिंग अडकले असेल, दांडा धरून ठेवणारी खीळ आत राहिली असेल किंवा विजेचा दाब फार कमी असेल. अशा वेळी लगेच बंद करा, नाहीतर कॉइल जळते. हाताने दांडा थोडा फिरवल्यावर किंवा यंत्राला टिचकी मारल्यावर सुरू होत असेल तर बहुधा कार्बन झिजला आहे किंवा अडकला आहे.

वायरमनने हे प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे देऊ शकणारा एकच मुलगा शेडमध्ये नव्हता. त्याला मीच घालवले होते.

तिसरी पायरी: सॉकेट तपासा. इथे आपण सगळे चुकतो. टेस्टर लावला, दिवा पेटला, म्हणजे वीज आहे असे समजतो. टेस्टर फेजवर पेटतो, न्यूट्रल तुटलेली असली तरी पेटतो. मोबाईलचा चार्जर लावून पाहणेही पुरेसे नाही, कारण बरेच चार्जर 100 व्होल्टवरही चालतात. प्लगसह होल्डरमध्ये बसवलेला जुना तारेचा पिवळा बल्ब लावून पाहा. तो नेहमीसारखा पेटला तर सॉकेट ठीक. मंद पेटला तर दाब कमी आहे. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट धरलेला असतो. लांब आणि बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डावरही दाब पडतो, म्हणून बोर्ड बाजूला ठेवून थेट सॉकेटवर पाहा. एमसीबी पडला आहे का तेही बघा. आमचा बल्ब छान पेटला.

चौथी पायरी: प्लग उघडा. आतले स्क्रू सैल आहेत का, वायर निसटली आहे का, पिन काळी पडली आहे का ते पाहा. नव्या यंत्रांत तपकिरी वायर फेजची आणि निळी न्यूट्रलची असते. हिरवी-पिवळी असेल तर ती अर्थिंगची. ती तोडून कधीही दोन वायरींवर काम भागवू नका. काही यंत्रांच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी आवरण असल्यामुळे मुळातच दोन वायरी असतात. आमचा राउटर तसा आहे. प्लग ठीक निघाला.

पाचवी पायरी: केबल तपासा. प्लग बाहेर ठेवून मुठीवरचे झाकण काढा. मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक काडी प्लगच्या पिनेला आणि दुसरी त्याच वायरच्या आतल्या टोकाला लावा. दोन्ही वायरी वेगवेगळ्या तपासा. वेग कमी-जास्त करायचे बटण असलेल्या यंत्रात मध्ये इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. अशा यंत्रात नुसत्या प्लगच्या दोन पिनांवर मीटर लावून खात्रीचे उत्तर मिळत नाही, म्हणून केबल स्वतंत्र तपासायची. बीप वाजत असताना केबल सगळीकडे थोडी वाकवून पाहा, विशेषतः ती यंत्रात शिरते तिथे.

आमची निळी वायर वाजली. तपकिरी वाजली नाही. वायरमनने यंत्राच्या तोंडाशी केबल थोडी दाबली, बीप आला. सोडली, गेला. वरचे रबर धड होते, पण आतल्या तांब्याच्या तारा तुटल्या होत्या.

दोष तिथेच सापडला. तरीही उरलेल्या दोन पायऱ्या मुलांना दाखवायला त्याने करून घेतल्या.

सहावी पायरी: स्विच. लाकडाचा बारीक भुसा आत शिरून संपर्क अडतो. मऊ ब्रशने साफ करा, मीटरने चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत तपासा. खराब असेल तर त्याच जातीचे नवे बसवा. स्विच वगळून वायरी थेट जोडू नका. तसे केले तर प्लग लावताक्षणी पाते फिरू लागते.

सातवी पायरी: कार्बन. यंत्राच्या दोन बाजूंना स्क्रूची दोन टोपणे असतात. ती उघडून कार्बन काढा आणि कोणता कोणत्या बाजूचा, कसा बसला होता, ते लिहून ठेवा. तो घरात सहज सरकला पाहिजे. खुणेच्या रेघेपर्यंत झिजला असेल, किंवा रेघ नसेल आणि पाच-सहा मिलिमीटरच उरला असेल, तर दोन्ही एकदम बदला. काही कार्बन असे बनवलेले असतात की पुरेसे झिजले की आतली खीळ त्यांना वर उचलते आणि चांगले चालणारे यंत्र एकाएकी थांबते. त्यात कुणाचीच चूक नसते.

हे सगळे ठीक असेल आणि तरी यंत्र गप्प असेल, किंवा जळक्या वार्निशचा वास येत असेल, तरच आर्मेचर आणि कॉइल तपासायला दुकानात न्या. खर्च आधी विचारा.

केबल कुणी तोडली

वायरमनने विचारले, "ही केबल रोज अशी कोण गुंडाळतं?"

मुलांनी माझ्याकडे पाहिले. पावसाळ्यात मी शेडमध्ये एक शिस्त घातली होती. काम झाले की केबल यंत्राभोवती घट्ट गुंडाळायची आणि यंत्र खिळ्याला टांगायचे. शनिवारी संध्याकाळी ते मीच माझ्या हाताने गुंडाळून टांगले होते. रोज एकाच जागी पीळ बसून एकेक तार तुटत गेली आणि त्या सोमवारी शेवटची तुटली.

येशूने सांगितलेले कुसळ आणि मुसळ आपल्या सर्वांना पाठ आहे. त्यावर मी उपदेशही केले आहेत. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाचा तो दृष्टांत आहे, हे मला भुशाने भरलेल्या शेडमध्ये उभा असताना प्रथमच जाणवले.

संध्याकाळी मी वस्तीवर गेलो. मुलाची आजी दारात बसली होती. मी काय झाले ते सांगितले आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "गावात काय बी गेलं की पयलं आमच्याच वस्तीत शोधत्यात. तुमी निदान सांगाया तरी आलात." मुलगा आत होता. तो बाहेर आला नाही. मुकादमाची मोटारसायकल त्या दिवशी वस्तीवर येऊन गेल्याचे मला परतताना कळले.

मंगळवारी मी सर्व मुलांसमोर माझी चूक सांगितली. मंगळवार गेला. बुधवारी सकाळी तो आला. कुणी काही बोलले नाही. वायरमनने सांगून ठेवल्याप्रमाणे त्याने केबलचा तुटका भाग कापून टाकला, टोके सोलली, वायरी आपापल्या जागी घट्ट बसवल्या आणि केबलला ओढ बसू नये म्हणून असलेली पट्टी आवळली. प्लग लावण्याआधी त्याने पुन्हा एकदा मीटर लावून पाहिले. मग स्विच दाबले आणि राउटर सुरू झाला. दोन दरवाजे उशिरा पोहोचले, पण आठही झाले. उचल त्याने घेतली नाही.

आता शेडमध्ये केबल सैल, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून वेगळ्या खुंटीवर ठेवतो, यंत्र फळीवर. भिंतीवर सात पायऱ्या लिहिल्या आहेत. त्याच्या अक्षरात.

आपल्या शेजारी नगरला अमेरिकन मराठी मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारित हातमाग तयार केला होता. हातांना काम शिकवण्याची ही सेवा जुनी आहे. आपल्यापैकी कुणाकडे बंद पडलेले राउटर, ड्रिल किंवा ग्राइंडर असेल तर भंगारात देऊ नका, आम्हाला द्या. सोबत एका चिठ्ठीवर ते कसे बंद पडले एवढे मात्र लिहा. मुले पहिली पायरी तिथूनच सुरू करतील.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

1. घरात किंवा मंडळीत काही बिघडले की आपण आधी काय तपासतो, आणि आधी कुणाकडे पाहतो?
2. टेस्टर पेटला म्हणून सगळे ठीक आहे, असे आपण कुठे कुठे धरून चालतो?
3. ज्याच्यावर आपण चुकून आळ घेतला, त्याच्या दारापर्यंत आपण गेलो आहोत का?

प्रभूच्या सेवेत,
आपला बंधू