बावीस नंबरची तार म्हणजे नेमकी केवढी?

मशीन्सच्या पेपरात आपण वाइंडिंगची गणिते सोडवतो, उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येते आणि मार्क मिळतात. पण तीच तार आणायला दुकानात गेलो की काउंटरमागचा माणूस विचारतो, "कितवा नंबर?" मग आपण नेटवर तक्ता शोधतो, आणि समोर येतो तो बहुधा अमेरिकन. घोटाळा इथेच सुरू होतो.

मी पाटोद्याचा, बीड जिल्ह्यातला. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते, तरी उन्हाळ्यात सगळी भिस्त विहिरीवर नि बोअरवर. मोटार जळाली की ती भरायला टाकायची, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. भरणारा कारागीर जुनी तार काढतो, वेढे मोजतो आणि तारेचा नंबर सांगतो. हा नंबर ब्रिटिश, म्हणजे एसडब्ल्यूजीचा. ब्रिटनमध्ये हे गेज १८८४ साली लागू झाले. इंग्रज गेले, नंबर राहिले! अमेरिकेचे एडब्ल्यूजी हे त्याहून जुने, १८५७ पासूनचे. दोन्हींत नंबर वाढला की तार बारीक होते, म्हणून माणूस फसतो.

आता २२ नंबरच घ्या. ब्रिटिश २२ चा व्यास ०.७११ मिमी, क्षेत्रफळ ०.३९७ चौ. मिमी. अमेरिकन २२ चा व्यास ०.६४४ मिमी, क्षेत्रफळ ०.३२६ चौ. मिमी. म्हणजे तांबे १८ टक्के कमी. तेवढाच करंट गेला तर तारेतली उष्णता २२ टक्के जास्त. मोटार त्या दिवशी चालेल, पण इन्सुलेशन लवकर जाईल आणि ऐन भरण्याच्या वेळी पुन्हा धूर निघेल. उलटही होते. ०.७१ मिमी तार अमेरिकन तक्त्यात २१ नंबरच्या जवळ बसते. ते वाचून आपल्या दुकानात २१ मागितली तर ०.८१३ मिमीची मिळते, आणि सगळे वेढे स्लॉटमध्ये मावतच नाहीत.

अमेरिकन गेजला सूत्र आहे, हे मला त्याचे आवडते. ३६ नंबरचा व्यास ०.१२७ मिमी धरायचा आणि त्याला ९२ च्या (३६ − नंबर)/३९ या घाताने गुणायचे. यातून एक सोपा नियम निघतो: तीन नंबर खाली आलो की क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. लॅन केबलवर बऱ्याचदा २४ एडब्ल्यूजी छापलेले असते, ते ०.२०५ चौ. मिमी. मग २१ म्हणजे ०.४१. पाठ करायची गरज नाही.

ब्रिटिश गेजला असे एक सूत्र नाही, पायऱ्या कमीजास्त आहेत. कारागिराकडे १९ नंबर नसला तर तो २२ च्या दोन तारा जोडीने घेतो. ०.८११ च्या जागी ०.७९४, म्हणजे फक्त दोन टक्के कमी, चालते. पण तोच तीनचा हिशेब लावून २० च्या जागी २३ च्या दोन घेतल्या तर ०.६५६ च्या जागी ०.५८४ मिळतात. अकरा टक्के गेले! तिथे २२ ची एक आणि २४ ची एक घ्यावी, बेरीज ०.६४२ येते. म्हणून बदली तार ठरवताना नंबर विसरायचे आणि क्षेत्रफळाची बेरीज करायची.

मायक्रोमीटर लावण्याआधी तारेचे टोक जाळून इनॅमल पुसून घ्या, नाहीतर आवरणासकट माप येते आणि नंबर चुकतो. पाणबुडी मोटारीची प्लॅस्टिक आवरणाची तार मात्र सरळ मिमी व्यासात मागतात, तिथे गेजची भानगड नाही.

केबलच्या बाबतीत गोंधळ वेगळा. वायरमन "अडीच एमएम" म्हणतो ते क्षेत्रफळ असते, व्यास नव्हे. अडीचची एकसंध तार १.७८ मिमी व्यासाची भरेल. अमेरिकन १४ नंबर म्हणजे २.०८ चौ. मिमी. हे माप आपल्या दीड आणि अडीचच्या मध्ये पडते. मग काय घ्यावे?

पाच एचपीची थ्री फेज मोटार, करंट अंदाजे ८ अँपिअर, केबल २०० मीटर. तांब्याचा रोध ०.०१७५ × लांबी ÷ क्षेत्रफळ. दीडच्या केबलला २.३३ ओहम येतात, अडीचला १.४. √३ ने आणि करंटने गुणले की ड्रॉप दीडला सुमारे ३२ व्होल्ट, १४ एडब्ल्यूजीला २३, अडीचला १९. मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. आधीच ३८० वर आलेल्या लाइनीतून आणखी ३२ गेले, तर ४१५ च्या मानाने टॉर्क ७० टक्क्यांवर येतो. तेव्हा १४ एडब्ल्यूजीच्या जागी अडीच घ्यावी, दीड नको, दुकानदार कितीही "चालतंय की" म्हणाला तरी.