सेवा-खात्याचा पासवर्ड बदलायला भीती वाटते

प्रश्न : आमच्या कंपनीत बॅकअपची सेवा डोमेन ॲडमिन खात्यावर चालते. पासवर्ड कित्येक वर्षं तोच आहे. बदलला तर काय बंद पडेल, कुणालाच ठाऊक नाही. काय करावं?

उत्तर : भीती रास्त आहे, पण आहे तसं ठेवणं जास्त धोक्याचं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एसपीएन, म्हणजे सेवेचं ओळखनाव, नोंदलेल्या खात्यासाठी कोणताही साधा कर्मचारी केर्बेरॉस तिकीट मागू शकतो. त्या तिकिटाचं कुलूप खात्याच्या पासवर्डातूनच बनतं. चोर ते घरी नेऊन निवांत पासवर्ड ताडून पाहतो. खातं लॉक होत नाही की घंटी वाजत नाही. यालाच केर्बेरोस्टिंग म्हणतात.

आधी डोमेन कंट्रोलरवर ४७६८ क्रमांकाच्या नोंदी बघा. खातं कुठल्या यंत्रावरून वापरलं जातं ते कळेल. महिनाअखेरची कामं सुटू नयेत म्हणून निदान महिनाभर बघा. मग डोमेन ॲडमिनचे अधिकार काढा. बॅकअपला ते सहसा लागतच नाहीत, विक्रेता काहीही म्हणो.

सॉफ्टवेअर चालवून घेत असेल तर विंडोज सर्व्हर २०१२ पासूनचं जीएमएसए (ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट) खातं वापरा. त्याचा पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. नसेल, तर २५हून अधिक अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड ठेवा.