दुधातील पिष्ट आणि आयोडिनचा थेंब

मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील डोणगाव असो वा बुलडाणा जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव, सणासुदीला व लग्नसराईत दूध आणि खवा यांची मागणी एकदम वाढते. पुरवठा मात्र तेवढाच राहतो. मग दुधात पाणी मिसळले जाते आणि पाण्याने आलेला पातळपणा लपविण्यासाठी पिठाचा आश्रय घेतला जातो. नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत दूध पिऊन संपलेले असते. म्हणूनच घरच्या घरी होणाऱ्या एका जुन्या परीक्षेची माहिती ग्राहकाला असणे अगत्याचे आहे.

चमचाभर दूध उकळून पूर्ण थंड करावे व त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. दूध निळे झाले तर त्यात पिष्ट आहे. फिकट पिवळसर राहिले तर पिष्ट आढळले नाही, असे समजावे. खवा किंवा पनीर असल्यास लहानसा तुकडा पाण्यात उकळून, निववून हीच कृती करावी. उकळल्याने पिठाचे कण फुलतात. पण थंड करणे तितकेच आवश्यक, कारण गरम द्रवात हा निळा रंग टिकत नाही. परीक्षेचे दूध लगेच फेकून द्यावे आणि आयोडिनची बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला 1811 मध्ये समुद्रशेवाळाच्या राखेतून आयोडिन सापडले. पिष्टाशी होणारी त्याची निळी क्रिया 1814 पर्यंत नोंदली गेली. पिष्टातील अमायलोज नावाच्या घटकाची साखळी मळसूत्राप्रमाणे वळलेली असते. आयोडिन तिच्या पोकळीत शिरून बसते आणि निळा रंग उमटतो. उष्णतेने ही मांडणी सैल पडते.

परंतु या थेंबाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ज्वारीचे पीठ, साबुदाणा, बटाटा यांत पिष्ट मूळचेच. तेथे निळा रंग काहीच सिद्ध करीत नाही. हळदीचेही तसेच. हिंगोली जिल्ह्यातील वसमतची अस्सल हळददेखील आयोडिनने काळपट निळी होईल, कारण त्या कंदात निसर्गतःच पिष्ट असते. या कारणावरून व्यापाऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. उलट, दुधात नुसते पाणी, युरिया किंवा साखर असेल तर आयोडिन मूक राहते. आंबणे लपविण्यासाठी सोडा जास्त टाकला असेल, तर आयोडिनचा रंगच उतरतो. दूध निळे झाले नाही म्हणजे ते शुद्ध, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

घरची परीक्षा हा संशयाचा आधार होय, कायद्यापुढील पुरावा नव्हे. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा आता अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 याने घेतली आहे. त्याच्या कलम 40 नुसार सामान्य खरेदीदारालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो; मात्र तसा इरादा खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. कायद्याचा भंग झाल्याचे अहवालात आढळले, तर भरलेले शुल्क परत मिळते. तक्रार करावयाची झाल्यास ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.